ओढा कुणाच्या दारातून

"मी आधीच सांगतो, मला फार वेळ नाही," दादा उंबऱ्यातच म्हणाला, आणि आत येऊन सगळ्यांच्या आधी ऐसपैस बसला.

त्याच्या मागोमाग वहिनी आल्या. दोघांच्याही पायांना वीटभट्टीचा लाल चिखल होता. धाकटीनं सकाळीच चक्कीची खोली झाडून काढली होती. बसायला रिकाम्या गोण्यांच्या घड्या भिंतीशी मांडल्या होत्या, आईसाठी तेवढी खुर्ची. गेल्या वर्षी ओढ्यानं बांध फोडला तेव्हापासून पाणचक्कीचं चाक फिरलं नव्हतं, तरी पीठ काही या खोलीतून गेलं नव्हतं. कुठल्या ना कुठल्या फटीतून ते झिरपायचं, आणि भिंतीला टेकणाऱ्याच्या पाठीवर पांढरा शिक्का मारून मोकळं व्हायचं.

ताई आणि भाऊजी आले ते समोरच्या भिंतीशी बसले. ताईनं दादाकडे पाहिलं नाही. वर्षभरात पाहिलं नव्हतं. पुराच्या दिवशी भट्टीपाशी चढलेलं पाणी बघता बघता उतरलं, तेव्हा दादा विटांच्या ढिगावर उभा राहून "सुटलो रे, सुटलो!" असं ओरडला होता आणि पोट धरधरून हसला होता. त्याच घटकेला तेच पाणी ताईच्या स्वयंपाकघरात शिरत होतं. दादाला ते ठाऊक नव्हतं. पण ते हसू ऐकणारे चारजण होते, आणि ऐकलेली गोष्ट ताईच्या कानावर जायला पाणी ओसरायचीही गरज पडली नाही.

"आता आपण सगळे आलोय," धाकटी म्हणाली, "तर बाईंचं ऐकून घेऊ."

बाई म्हणजे पाण्याच्या खात्यातल्या इंजिनिअर. वयानं ताईच्या मुलीएवढ्या, पण बोलणं रोखठोक. गुडघ्यापर्यंतचे बूट दाराबाहेर काढून त्या मोज्यांवरच आत आल्या होत्या, त्यामुळे आईला त्या एकदम पसंत पडल्या होत्या.

"खोदाईचं मशीन अजून थोडेच दिवस या बाजूला आहे," त्या म्हणाल्या. "एकदा गेलं की परत कधी येईल, मी सांगू शकत नाही. वळणावरची जमीन तुम्हा तिघा भावंडांच्या नावावर आहे. म्हणून तुमचं एकमत लागतं. एक तर फुटलेला बांध पुन्हा घालायचा, म्हणजे ओढा पहिल्यासारखा उजवीकडे, चक्कीवरून भट्टीकडे जाईल. नाहीतर आता गेलाय तिकडेच त्याला राहू द्यायचं आणि डावीकडचं पात्र रुंद करायचं. मात्र त्यासाठी खालच्या वस्तीतली एक गल्ली उठवावी लागेल."

गल्ली कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ताईचं घर त्याच गल्लीत होतं.

या ओढ्याची गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. पणजोबा इथे आले तेव्हा ओढा डावीकडूनच वाहायचा. पणजोबांना चक्की घालायची होती आणि चक्कीला लागणारा उतार उजवीकडे होता. त्यांनी वळणावर बांध घातला आणि अख्खा ओढा उचलून आपल्या दाराशी आणला. डावीकडचं पात्र वाळून गेलं. लोक त्याला मेलेला ओढा म्हणायला लागले. पुढे त्या सपाट, मऊ जमिनीवर कुणीतरी एक घर बांधलं, त्याच्या शेजारी दुसऱ्यानं, आणि खालची वस्ती उभी राहिली. इकडे उजवीकडे, चक्कीच्या पुढे, वळवलेल्या पाण्यानं वर्षानुवर्षं चिकणमाती आणून टाकली. तिच्यावर वीटभट्टी निघाली आणि भट्टीवर राबणाऱ्यांची भट्टीवस्ती झाली. एका माणसानं पाणी वळवलं आणि दोन वस्त्या जन्माला आल्या, असं वडील अभिमानानं सांगायचे. त्या दोन वस्त्यांनी एकमेकींना कधी विचारलं नाही, की पाणी तुझ्याकडे आलं तर माझं काय.

"यात ठरवायचं काय आहे?" ताईनंच विषयाला तोंड फोडलं. "बांध घालायचा. ओढा पूर्वी जिथे होता तिथे जाईल, धाकटीची चक्की सुरू होईल, आणि आमच्या डोक्यावरची टांगती तलवार जाईल."

"आणि माझ्या डोक्यावर येईल," दादा म्हणाला. "दर दोन-तीन वर्षांनी माझ्या कच्च्या विटांचा लगदा होतो तो कुणाला दिसत नाही."

"विटा परत थापता येतात."

"घरंही परत बांधता येतात."

"दादा!" धाकटी मधे पडली. "भांडायला वर्ष पुरलं नाही का? आज ठरवायचंय."

"मग तू सांग. तू कुणाच्या बाजूची?"

"मी ताईच्या बाजूची. बांध घालावा असंच मला वाटतं."

"वाटणारच. तुझं चाक फिरतंय ना त्यात."

हे धाकटीला झोंबलं, कारण ते खरं होतं. वडिलांचा हात निकामी झाल्यापासून चक्की तीच चालवत होती. लग्नाचं वय कधी येऊन गेलं ते गोण्या उचलण्याच्या नादात कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा तिलाच त्याचं काही वाटलं नाही. जात्याच्या दगडाला टाकी लावताना उडालेले लोखंडाचे कण तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर निळे ठिपके होऊन कायमचे बसले होते. चाक बंद पडल्यापासून ती दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जात होती, आणि घरी आली की आधी चक्कीत डोकावत होती, आजारी माणसाच्या खोलीत डोकावावं तशी.

"माझं म्हणणं जरा वेगळं आहे," भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. भाऊजी सुतार. मापात काम, मापात बोलणं. लग्न झाल्यापासून सासरच्या बैठकीत त्यांनी "हो" आणि "बरं" याखेरीज फारसं काही म्हटलं नव्हतं.

"गल्ली उठली तर खातं मोठ्या रस्त्याला जागा देतंय. तिला लागूनच दादांचं टेकाड आहे, पडीक. ते दादा मला द्यायला तयार आहेत. दोन्ही मिळून कारखाना छान बसेल. मी बोललोय त्यांच्याशी."

ताईचा चेहरा असा झाला, की धाकटीला वाटलं, हिला कुणीतरी हात द्यावा.

"कधी बोललात?"

"झाले काही दिवस."

"मी भिंती खरवडत होते तेव्हा? घमेल्यानं चिखल काढत होते तेव्हा तुम्ही टेकाडावर जागा बघत होता? आणि ह्याच्याशी? ज्याच्याशी मी बोलत नाही त्याच्याशी?"

"तू बोलत नाहीस," भाऊजी शांतपणे म्हणाले. "मला सुतारकाम करायचंय. ओल्या लाकडाला रंधा मारत आयुष्य काढायचं नाही मला."

"मी त्या गल्लीतून हलणार नाही," ताई म्हणाली. "मशीन आणा नाहीतर आणखी काही आणा. मी घरात बसून राहीन."

"हे बघा सुतार," दादा खूश होऊन म्हणाला, "तुम्ही तुमच्या बायकोला समजवा, मी माझ्या बहिणीला..."

"एकच बाई आहे ती!" आई खुर्चीतून कडाडली. "तुकडे कसले करताय तिचे?"

ऐंशीच्या घरातली आई बैठकीत सहसा झोपेचं सोंग घ्यायची. सोंग मोडलं की समजायचं, पुढचं सांभाळून बोला. बाईंनी हळूच घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "धाकट्या वन्सं, मला तुमच्याशी बोलायचंय. ह्यांच्याशी नाही."

वहिनी भट्टीवरचं सगळं बघायच्या. कामाला माणसं लावणं, त्यांची दुखणीखुपणी, भांडणं, बाळंतपणं, सगळं. दादा भट्टीचा मालक होता, पण भट्टी वहिनींच्या जिवावर चालायची हे दादाही नाकारायचा नाही.

"तुम्ही चाकाचं बोलता, हे विटांचं बोलतात. त्याच्या आधीच्या पुरात आमच्या वस्तीतली पोर गेली, आठवतं? रांगत होती. पाणी ओसरल्यावर मीच उचललं तिला, विटांच्या साच्यांच्या राशीत अडकली होती. तिची आई अजून माझ्याकडेच कामाला आहे. जाणार कुठे? रोज विटा थापायची, पण ओढ्याकडे पाठ करून बसायची. ऊन डोळ्यावर आलं तरी बाई वळायची नाही. गेल्या वर्षी ओढा गेला, आणि परवा मी तिला गुणगुणताना ऐकलं." वहिनींनी पदराला लागलेलं पीठ झटकलं. "तुम्ही बांध घाला. पण आधी येऊन तिला सांगा, की ओढा परत आणतोय म्हणून. मला नाही सांगता येणार."

ताईनं मान खाली घातली. दादा काहीतरी बोलायला गेला, पण वहिनींनी नुसता हात वर केला आणि तो गप्प झाला.

धाकटी उठली. "बाई, माझ्याबरोबर जरा वळणापर्यंत येता?"

"आत्ता?"

"आत्ताच. तुम्ही सगळे बसा. कुणी उठायचं नाही," ती दारातून म्हणाली, आणि धाकटी असून तिनं असं फर्मावलं याचं नवल वाटायच्या आत बाहेर पडली.

वळण चक्कीपासून हाकेच्या अंतरावर होतं. पायवाटेच्या एका अंगाला कोरडं पात्र. तळातला चिखल वाळून भेगाळला होता आणि कडेची लव्हाळी पिवळी पडून आडवी झाली होती. थोडं पुढे चक्कीचा दगडी बंधारा होता. तो पाणी अडवून वर उचलायचा, ते पन्हळीतून चाकावर पडायचं. आता त्याच्यावर सरडे ऊन खात होते. आणि वळणापाशी मात्र पाण्याचा खळखळाट. फुटलेल्या बांधाचे दगड दोन्ही बाजूंना ढकलून ओढा डावीकडे धावत होता, जणू मधली सगळी वर्षं त्यानं याच वाटेची आठवण काढण्यात घालवली होती.

धाकटी काठावर उभी राहिली. इथून दोन्ही वस्त्यांची छपरं दिसत होती. डावीकडे ताईच्या गल्लीतली चुन्यानं नव्यानं रंगवलेली घरं, उजवीकडे भट्टीचं धुराडं आणि त्याच्याभोवती दाटीनं बसलेल्या पत्र्याच्या खोल्या.

"एक विचारते. हसू नका," ती म्हणाली. "दोन्हीकडे नाही का जाणार ओढा?"

बाई हसल्या नाहीत. त्या पाण्याच्या कडेला उकिडव्या बसल्या, बराच वेळ वर डोंगराकडे आणि मग खाली बघत राहिल्या.

"जाईल," त्या म्हणाल्या. "इथे बरोबर मधे एक भिंत घालायची, पुढून टोकदार, होडीच्या नाळेसारखी. पाणी तिच्यावर येऊन फाटेल. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पूर आला तरी कुठल्याच बाजूला अख्खा ओढा घुसणार नाही. मी हे आधी मांडलं नाही, कारण त्यात एक अडचण आहे."

"चक्की."

"हो. तुमच्या बंधाऱ्यानं उजवीकडचं पाणी तुंबतं. तो ठेवला तर सगळं परत डावीकडेच लोटेल. तो काढावा लागेल."

"आणि काढला तर चाक फिरणार नाही."

"नाही फिरणार. कधीच नाही. एकदा काढला की तो पुन्हा बांधायची परवानगीही मिळणार नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा. घरातल्या इतरांना हा पर्याय मी सांगितलाच पाहिजे असं नाही."

धाकटीनं बंधाऱ्याकडे पाहिलं. लहानपणी वडिलांनी तिला त्याच्या कडेवरून चालायला शिकवलं होतं. थंडीत गोठलेल्या बोटांनी तिनं त्याच्या फटींत माती कोंबली होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"सांगायचं," ती म्हणाली. "मीच सांगते. चला."

परत आली तेव्हा सगळे होते तिथेच होते. फक्त वहिनी उठून ताईशेजारी जाऊन बसल्या होत्या. दोघींनी मधे जागाही सोडली नव्हती.

धाकटीनं उभ्याउभ्याच सांगितलं. भिंत, दोन वाटा, बंधारा काढणं. शेवटचं वाक्य तिनं भराभर म्हटलं, जखमेवरची पट्टी ओढून काढावी तसं.

सगळ्यांत आधी आई बोलली. "नाही."

"आई..."

"नाही म्हटलं ना. चार पिढ्या ह्या चक्कीनं पोसल्या. तू कोण बंद करणार?"

"ती बंदच आहे, आई."

"बंद वेगळं आणि मोडलेलं वेगळं. बंद आहे म्हणून मी रोज वाट तरी बघते. मोडलीस तर काय बघू?" आईचा आवाज चिरकला. "लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या चाकाच्या आवाजात झोपत आलेय मी."

"वर्षभर आवाज नाही. तरी झोपतेसच ना?"

"झोपतं कोण?" आई म्हणाली.

धाकटी तिच्यासमोर खाली बसली. आईचे हात तिनं हातात घेतले नाहीत, आईला ते आवडायचं नाही. नुसती समोर बसली.

"ऐक माझं. बांध घातला तर चाक फिरेल. मी दळत बसेन, आणि ढग आले की भट्टीवस्तीकडे कान लावून बसेन. ते दळण मला जमणार नाही. खालच्या वस्तीत मी विजेची चक्की घालीन. लहान खोलीत, चार चक्क्यांसारखी एक चक्की. कुणी बघायला यायचं नाही तिला. पण पीठ पीठच निघेल."

"आणि मी 'नाही'च म्हणत राहिले तर?"

"तर तू 'नाही' म्हणत राहा. मी बंधारा काढणार."

आई तोंड फिरवून म्हणाली, "अगदी बापावर गेलीय. तोही विचारल्यासारखं करायचा." तिनं होकार दिला नाही. पण त्यानंतर ती एक शब्दही विरोधात बोलली नाही, आणि या घरात तेवढं पुरत असे.

दादा मात्र पुरता पेटला होता. "वा! हिनं चक्की दिली म्हणजे ही देवमाणूस, आणि मी? माझं दार कोरडं झालंय ते मी परत ओलं करून घेऊ? का म्हणून?"

"अर्धंच पाणी येईल, दादा."

"अर्धं तरी का? आज माझ्याकडे थेंबही येत नाही."

"कारण तुझा थेंब माझ्या घरात आहे," ताई म्हणाली.

वर्षभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. दादा दचकला. सगळेच दचकले.

"तू हसलास तेव्हा मी कपाटावर चढून बसले होते," ताई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "खाली भांडी तरंगत होती. मी ओरडत होते, कुणाला ऐकू गेलं नाही. तुझं हसू मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. मला तुझ्याकडून काही नको. टेकाडही नको. अर्धं पाणी तेवढं घे."

दादानं वहिनींकडे पाहिलं. तिथे त्याला आधार मिळाला नाही.

"हो म्हणा," वहिनी म्हणाल्या. "खोल्यांची जोती मी वर उचलून घेते. अर्ध्या पाण्याला तेवढं पुरेल. पुरेल ना बाई?"

"हातभर उंच घेतली तर पुरेल," बाई म्हणाल्या.

"विटा?" दादा म्हणाला.

"विटांची भट्टी आहे आपली," वहिनी म्हणाल्या. "विटांना काय तोटा?"

भाऊजी खाकरले. "नाळेच्या भिंतीला साचा लागेल. लाकडी." ते ताईकडे न बघता म्हणाले. "मी करून देईन."

"आणि टेकाड?" ताईनं विचारलं.

"टेकाड राहू दे."

"राहू दे नाही. ह्यावर घरी बोलायचंय," ताई म्हणाली, आणि तिच्या स्वरावरून भाऊजींना कळलं की ते बोलणं लांबणार आहे.

दादा उठला. त्याच्या पाठीवर पिठाचा भलामोठा शिक्का उमटला होता. दारात थांबून तो म्हणाला, "भिंतीला चांगल्या भाजलेल्या विटा लागतील. ह्या वेळच्या कच्च्या आहेत. मागच्या वेळच्या काढून देतो." त्याचा होकार तो हाच.

मशीननं दोन्ही पात्रांची तोंडं उघडली. पुढचं काम माणसांनी केलं. बंधारा काढायला धाकटी पहिली उतरली. पहार तिनं कुणाच्या हातात दिली नाही. वरच्या ओळीचा पहिला दगड निघता निघेना. वडिलांनी आणि आजोबांनी तो असा बसवला होता, की जणू उखडायला येणाऱ्याची परीक्षाच घ्यायची होती. धाकटीनं दात आवळून जोर लावला. दगड सुटून खाली गडगडला, आणि तिनं लगेच दुसऱ्याला पहार लावली. मागे वळून पाहिलं असतं तर हात थांबला असता.

भट्टीवस्तीतले लोक विटा घेऊन आले, खालच्या वस्तीतले वाळू आणि दगड. पहिल्या दिवशी दोन्ही घोळके लांब लांब बसून आपापली शिदोरी सोडत होते. मग चुना मळायच्या घाणीवरून त्यांचं एकदा कडकडून भांडण झालं, आणि भांडण झाल्यामुळे ओळख झाली. ओढ्याकडे पाठ करून बसणारी ती बाईही आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. ती दिवसभर विटा पुढे सरकवत राहिली. भिंत जिथे पाण्यात उतरत होती तिथे मात्र गेली नाही, आणि कुणी जा म्हटलंही नाही.

भिंत सुकली आणि दोनच दिवसांत डोंगरावर ढग फुटले. भर दुपारी पाणी आलं, तांबूस, फेसाळ, काटक्या आणि पालापाचोळा घेऊन. सगळे काठावर धावले. नाळेवर आपटून पाणी खरंच फाटलं, आणि लोकांच्या तोंडून एकदम "हा!" असा आवाज निघाला. पण क्षणभरच. एक उन्मळलेलं झाड वाहत आलं आणि डाव्या तोंडाशी आडवं अडकलं. त्याच्यामागे पाणी तुंबलं आणि बघता बघता सगळा लोंढा उजवीकडे वळायला लागला. भट्टीकडे.

"दादा!" धाकटी ओरडली. "भट्टीवर जा! माणसं वर काढ!"

"त्यांना ती बघतेय!" दादानं ओरडून सांगितलं. वहिनी खरंच कधीच पळत सुटल्या होत्या. आणि दादा उलट्या दिशेला, डाव्या तोंडाकडे, कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता.

धाकटी त्याच्या मागे उतरली. पाण्याचा जोर इतका, की पायाखालचे गोटे सरकत होते. भाऊजींनी दोर टाकला, दादानं तो फांदीला बांधला. काठावर ताईनं दोर धरला, तिच्या मागे भट्टीवस्तीतले, त्यांच्या मागे खालच्या वस्तीतले, जो जिथे होता तिथे. दादा आणि धाकटीनं बुंध्याखाली पहार घातली.

"हाणा!" दादा ओरडला. "ताई, ओढ!"

झाड हललं, थांबलं, पुन्हा हललं. मग एकदम मोकळं होऊन गर्रकन फिरलं, आणि दोरानं त्याला काठावर आणून आपटलं. डावं तोंड खुललं. पाणी आधी तिकडे धावलं, मग मागे आलं, मग पुन्हा नाळेवर आपटून दोन झालं. धाकटी भिंतीला धरून उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीनं बघत राहिली. इकडे जेवढं, तिकडेही जवळजवळ तेवढंच.

वर आली तेव्हा तिचे दात वाजत होते. ताईनं तिच्या अंगावर गोणपाट टाकलं. दुसरं हातात होतं. ते घेऊन ती जरा थांबली, मग दादाच्या अंगावरही टाकलं, जरा जोरातच, मारल्यासारखं. दादानं ते निमूट गुंडाळून घेतलं.

भट्टीवरून निरोप आला. पाणी अंगणात आलंय, जोत्याला लागलेलं नाही. गल्लीतून निरोप आला. रस्त्यावर घोटाभर आहे, घरात नाही.

इंजिनिअर बाई भिजलेल्या बुटांनी भिंतीच्या कडेनं फिरून आल्या. "चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण एक लक्षात ठेवा. ओढा असाच सोडला तर गाळ आणि झाडझाडोरा साचून तो पुन्हा एकच बाजू धरणार. ही दोन्ही तोंडं दर वर्षी साफ करावी लागतील. एका घराचं काम नाही ते. सगळे लागतील."

"दर वर्षी?" दादानं विचारलं.

"दर वर्षी."

दादानं धाकटीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग काठावर दोर गुंडाळत बसलेल्या भाऊजींकडे आणि त्या सगळ्या भिजलेल्या घोळक्याकडे.

"म्हणजे दर वर्षी तुमची सगळ्यांची तोंडं बघायची मी?"

"बघायची," ताई म्हणाली.

दादानं गोणपाटाच्या टोकानं तोंड पुसलं आणि खाली वाकून पहार उचलली. उजव्या तोंडाशी अजून थोड्या फांद्या अडकल्या होत्या.